अक्कांच्या अंगणातलं ऊन

थंडी आली हे मला कोंबड्यांमुळे कळतं. दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या, भाताची झोडणी उरकली, की एका सकाळी माझ्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडतात, अंगणात जराशा घुटमळतात आणि एकामागून एक ओढा ओलांडून पलीकडे निघून जातात. दाणे मी टाकायचे, खुराडं मी झाडायचं, मुंगसाची राखण मी करायची आणि ह्यांनी ऊन खायला जायचं ते अक्कांच्या अंगणात! यंदाही गेल्या. मी हातात खराटा घेऊन उंबऱ्यात उभी होते, पण एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. म्हटलं, चला, हिवाळा आला.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची वाडी वेल्ह्याच्या अंगाला, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. मधून ओढा वाहतो. अलीकडे, डोंगराच्या अगदी पायाशी माझं घर आणि पलीकडे, जरा चढावर अक्कांचं. इकडून हाक मारली की तिकडून ओ येते, एवढंच अंतर. पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो आणि नेमका आमच्या डोंगरामागून चालतो. मग तिकडे सकाळ होते आणि इकडे होत नाही. शाळेची घंटा होते, दुधाचे टेम्पो जातात, एसटी येऊन परत फिरते, तरी माझ्या अंगणात निळसर गारवा तसाच बसून असतो. दुपार कलते न कलते तोच सूर्य पुन्हा डोंगराआड. भोंगवलीला माझी मावसबहीण दिली आहे. तिथे कसं मोकळं रान, ऊन उगवतं ते मावळेपर्यंत हलत नाही. पूर्वी मला तिचासुद्धा राग यायचा. पण भोंगवली लांब आहे. अक्का समोर आहेत.

आणि ते ऊन तिकडे एकदम पडत नाही, हे आणखी वाईट. ते सावकाश, दाखवत दाखवत येतं. आधी पलीकडच्या डोंगराचा माथा पिवळा होतो. मग उन्हाची कड खाली सरकत सरकत करवंदीच्या जाळ्यांवर येते, मग अक्कांच्या फणसावर, मग कौलांवर. कौलांतून निघालेला चुलीचा धूरसुद्धा त्यांचा सोनेरी होतो. मग ऊन अंगणात उतरतं, तुळशीला वळसा घालतं आणि गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकतं. त्या भिंतीशी एक सपाट दगड आहे, घर बांधताना उरलेला. तो दगड अक्कांचा. तिथे त्या पाठ टेकून बसतात. भिंत मागून शेकते, दगड खालून शेकतो आणि ऊन पुढून. हे सगळं मी इकडे गारठलेल्या पायांनी भांडी घासत वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

बरं, दोष द्यावा तर कुणाला द्यावा? आमच्याकडे रीत अशी की वाटणीत थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. आमच्या दादांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, तेव्हा घरासाठी दोन जागा काढल्या आणि आम्हाला म्हणाले, "बघा, कुठली पायजे ती घ्या." दिवस वैशाखाचे होते. वाटण्या वैशाखातच होतात, तेव्हाच माणसं रिकामी असतात. पलीकडची जागा उन्हाने नुसती भाजत होती. पाय ठेववत नव्हता. आणि ही अलीकडची? डोंगराची सावली, जांभळाचं डेरेदार झाड, शेजारी पाण्याचा झरा. हिवाळ्यात इथे सकाळचं कुणी कधी थांबलेलंच नव्हतं. सगळे दुपारी यायचे, जनावरांना पाणी दाखवायला. आम्ही दोघं नवरा-बायको त्या जांभळाखाली बसून भाकरी खाल्ली, गार वाऱ्याने डोळे मिटायला लागले, आणि मी यांना हळूच म्हटलं, "हीच घ्या. दादांनी आपल्यावर माया केलीय." पलीकडे अक्का पदराने घाम पुसत होत्या. मला तेव्हा त्यांची कीव आली होती, हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

पुढे वैशाख आला की अक्का माझ्याकडे यायच्या. दुपारचं जेवण उरकलं की काखेत उशी मारून सरळ ओढा ओलांडायच्या आणि जांभळाखाली पसरायच्या. येऊ का, बसू का, काही विचारणं नाही. कैरीचं पन्हं मागून प्यायच्या, मीठ कमी म्हणायच्या आणि घोरायला लागायच्या. मी मनात म्हणायचे, बघा, गरज कुणाला आहे! पण हिवाळ्यात मी कधी त्यांच्या उन्हाला गेले नाही. काम असलं तर जायचे, उभ्या उभ्या बोलायचे आणि परत फिरायचे. बसायचं मात्र जिवावर यायचं. वाटे पाडले त्यांच्या नवऱ्याने, उचलला मी. आता मागता येतं थोडंच?

ज्या हिवाळ्याची आठवण मला या कोंबड्यांनी पुन्हा करून दिली, तो काही वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी मी अंगणवाडीतून निवृत्त झाले. तोवर थंडीचं एवढं काही वाटलं नव्हतं, कारण सकाळची भांडी घासून झाली की मी घरात नसायचेच. अंगणवाडीच्या पायरीवर भरपूर ऊन असायचं आणि मांडीवर कुणाचं तरी लेकरू. त्याच वर्षी मुलगा चाकणला कंपनीत लागला आणि सुनेला घेऊन तिकडे राहायला गेला. लेक वरवे बुद्रुकला, तिच्या संसारात. आमचे हे दुधाचा टेम्पो चालवतात. ते अंधारात नसरापूरच्या दिशेने जाणार आणि ऊन चढल्यावर येणार. घरात मी, मांजर आणि तो निळसर गारवा. दोन दिवसांत मांजरसुद्धा पलीकडे गेलं.

मार्गशीर्ष लागला आणि मला उठावंसं वाटेना. दुखत काही नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. पण अंथरुणात पडल्या पडल्या वाटायचं, उठून करायचं काय? चूल पेटवायची कुणासाठी? शिळ्या भाकरीचा तुकडा चहात बुडवून खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा पडायचं. वाडीतल्या बाया इतकी वर्षं माझ्याकडून ऐकत आल्या होत्या, ताजं खा, पालेभाजी खा, कडधान्य मोड आणून खा. तीच मी, दुपारी चार वाजता बिनजेवणाची बसलेली असायचे. डोळ्यांना उगाच पाणी यायचं. आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून हसण्याचा आवाज यायचा. अक्कांच्या अंगणात बाया जमलेल्या असायच्या, पावट्याच्या शेंगा सोलत, तांदूळ पाखडत. काय एवढं हसतात ते ऐकू यायचं नाही, पण अक्कांचं हसणं त्यात ओळखू यायचं. ते हसणं माझ्याकडे नाही, म्हणून मी रडायचे. दुसऱ्या कशासाठी नाही.

ह्यांचं तर वेगळंच. रस्ता पलीकडून जातो, म्हणून टेम्पो लागायचा अक्कांच्या घरापाशी. एक दिवस हे घरी आले ते ओठावर हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्याची मिशी घेऊन. मी विचारलं, "काय खाऊन आलात?"

"वयनीनं माडगं दिलं वाटीभर. नको कसं म्हणायचं? लई झ्याक झालं हुतं. लसूण आसा भाजून घातलाय..."

"मग तिकडंच ऱ्हावा," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. माझ्या कोंबड्या गेल्या, मांजर गेलं, आता नवरा! त्या दिवशी संध्याकाळी अक्का ओढ्याकाठी येऊन मला अंडी देऊन गेल्या. म्हणाल्या, "तुझ्याच कोंबडीची हायेत. आमच्या कणगीमागं घालती." मी अंडी घेतली आणि ती कोंबडी कुठली असेल ते मनाशी ठरवून तिला दुसऱ्या दिवशी दाणे कमी टाकले.

शेवटी ह्यांनी मला टेम्पोत घालून भोरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. रक्त तपासलं, सगळं विचारलं, झोप येते का, भूक लागते का, मन कशात लागतं का. मग म्हणाले, "मावशी, हिवाळ्यात काही जणांना असं होतं. घाबरू नका. सकाळचं कोवळं ऊन घ्या. रोज चाला. गरम, ताजं खा. आणि एकट्या बसू नका, माणसांत बसा. महिनाभराने या, नाही बरं वाटलं तर औषध देईन." मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, डॉक्टर, तुम्ही सांगितलेलं सगळंच्या सगळं एकाच जागी आहे, आणि ती जागा माझी नाही. परतताना टेम्पोत मला वाटत होतं, ह्या माणसाकडून अक्कांच्या अंगणाचा पत्ताच चिठ्ठीवर लिहून द्यायचा राहिला आहे.

मग मी ठरवलं, ऊन आपलं आपण शोधायचं. लेकीने मोबाईलवर व्हिडिओ पाठवले होते, त्यात एक बाई पांढरे बूट घालून बागेत चालत होती आणि पुन्हा पुन्हा सांगत होती, सकाळी कोमट पाणी प्या, वीस खोल श्वास घ्या. मी कोमट पाणी प्यायले, मफलर बांधला, ह्यांचा स्वेटर घातला आणि निघाले. अक्कांच्या अंगणातून जायला नको म्हणून खालच्या साकवावरून, लांबच्या वाटेने. ऊन सापडलं ते थेट एसटीच्या थांब्यावर, वळणाच्या दगडी कट्ट्यावर. काय सांगू, पहिल्यांदा ते मांडीवर पडलं तेव्हा मला हायसं वाटलं. पिशवी शेजारी ठेवून, पाय लांब करून मी बसले. एसटी आली, माझ्यापुढे थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

"चला मावशी, भोर, भोर!"

"न्हाई, मला न्हाई यायचं."

"मग पिशवी घेऊन का बसलाय?"

"उन्हाला बसलेय."

गाडीतली माणसं हसली. कंडक्टर म्हणाला, "बसा, बसा. उन्हाला तिकीट न्हाई अजून." गाडी गेली. मी पुढच्या सकाळी पुन्हा गेले. मग रोजच. थांब्याच्या मागच्या खाचरात हरभरा लावला होता, त्यावरच्या दवाचा आंबट वास यायचा. गाडीचा ड्रायव्हर लांबूनच हात करायचा आणि न थांबता निघून जायचा. मला वाटलं, झालं, माझी सोय झाली. आपलं ऊन, आपला कट्टा, कुणाचं मिंधेपण नाही.

आणि मग एका सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन अक्का समोरून आल्या. त्यांचं खाचर त्याच बाजूला, हे मी विसरलेच होते. भाऱ्याखालून त्यांनी मला नीट बघितलं.

"का गं, नटूनथटून कुठं निघालीस?"

आता काय सांगणार? "भोरला," मी म्हटलं.

"आज? एकलीच?"

"काम हाय जरा."

"काय काम?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरने सवयीने हात केला आणि निघालाच होता, तर मीच हात आडवा घातला. अक्का भारा घेऊन तिथेच उभ्या. मला चढावंच लागलं. कंडक्टर बघतच राहिला. म्हणाला, "आज ऊन कमी पडलं व्हय मावशी?" मी खिडकीशी बसले आणि काही काम नसताना भोरला गेले. वाटेत ऊन खिडकीतून माझ्या गालावर पडत होतं, भाटघरचं पाणी चमकत होतं, आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. उन्हासाठी माणसाने काय काय करावं!

भोरच्या बाजारपेठेत उतरले, पण रिकाम्या हाताने परतता येणार नव्हतं, कारण अक्का विचारणार. म्हणून डिंक घेतला, खारीक घेतली, सुकं खोबरं, गूळ, अळीव घेतले. घरी आले आणि कित्येक दिवसांनी चूल नीट पेटवली. खारीक कुटली, खोबरं किसून भाजलं, तुपात डिंक तळला. घरभर वास सुटला. बोटं गरम झाली. लाडू वळता वळता लक्षात आलं की आज मी भिंतीकडे तोंड करून पडलेच नाही. डबा भरला. आणि मग त्या डब्याकडे बघत बसले. खाणार कोण? ह्यांना साखर निघालेली. मुलगा चाकणला. एक लाडू मी खाल्ला, पण एकटीने खाल्लेला लाडू पुढे सरेना.

दुसऱ्या सकाळी डबा घेऊन मी ओढा ओलांडला. साकवावरून नाही, सरळ, कोंबड्यांच्या वाटेने. अक्का त्यांच्या दगडावर होत्या, भोवती चार-पाच बाया, मध्ये सुपात हुलगे. माझ्या कोंबड्या मजेत पंख पसरून लोळत होत्या. मी डबा पुढे केला. अक्कांनी लाडू फोडला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला. सगळ्या बघत होत्या.

"डिंक आतनं कच्चा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "दाताला चिकाटतोय."

माझ्या मनातलं एवढ्या वर्षांचं सगळं तिथेच बाहेर आलं. मी म्हटलं, "चिकटू दे. तुमचं काय जातंय? तुमाला ऊन हाय, माणसं हायेत, माझ्या कोंबड्यासुदीक तुमच्या. तिकडं म्या अंधारात बसून मरायला टेकलेय आन् तुमी हितं हसताय. लई राग येतो मला तुमच्या उन्हाचा, अक्का. लई म्हंजे लई."

अक्कांनी तोंडातला घास सावकाश गिळला. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "मग येत का न्हाई गं?" त्या म्हणाल्या. "म्या वैशाखात इचारती का तुला? उशी घेती आन् येती."

"तुमी थोरल्या हाय."

"म्हून काय म्या उन्हाला कुलूप लावलंय? बस खाली. आन् नुसती बसू नको, हात धुवून ये, शेंगोळी वळायची हायेत."

मी हात धुतले आणि बसले. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचा ठेचा घालून घट्ट मळलेला गोळा पुढ्यात आला. पाटावर बोटभर लांब वात वळायची आणि टोकं जुळवून कडं करायचं. पाठीवर ऊन होतं. पहिल्यांदा मणक्यात, मग खांद्यांत, मग मानेत काहीतरी ढिलं होत गेलं. चुलीवर फोडणीचं पाणी खदखदत होतं, त्यात शेंगोळी पडली आणि लसणाच्या वासाने नाकातून पाणी आलं. वाटीभर गरम रस्सा प्यायले तेव्हा कपाळावर घाम होता. महिन्याभरात मला पहिल्यांदा भूक लागली होती. पण खोटं कशाला बोलू, खाता खाता मनात हेही होतं की शेंगोळी ह्या सगळ्या बायांपेक्षा मी सुबक वळते आणि कुणी म्हणालं कसं नाही.

मग तो सारा पौष मी तिथेच काढला. सकाळी कोंबड्या पुढे, मी मागे. नाचणीची गरम भाकरी, कारळ्याची चटणी, पावट्याची उसळ, कधी अळिवाची खीर, कधी नुसतं माडगं. पाखडणं, निवडणं, गोधडीला टाके घालणं. डॉक्टरकडे परत जावं लागलं नाही. आता वाटतं, त्या हिवाळ्यात मला अंथरुणातून पहिल्यांदा बाहेर काढलं ते हुलग्याने नाही, उन्हानेही नाही. मत्सराने काढलं. मन मेलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऊन दिसत नाही. मला दिसत होतं, डोळ्यांत सलत होतं, म्हणजे अजून काहीतरी हवं होतं. बाकीचं त्यानंतर आलं.

फक्त तो दगड मला मिळाला नाही. मी बसायचे शेजारी, पोत्यावर. भिंतीची ऊब तिथवर पोचायची नाही. एकदा अक्का मीठ आणायला घरात गेल्या, तेवढ्यात मी पटकन सरकून दगडावर बसले. काय ऊब होती! पाठ, मांड्या, सगळं एकदम सैल. डोळे मिटले. तोच वरून आवाज आला, "ऊठ." मी उठले. बायांनी तोंडाला पदर लावले. "थोरली हाय म्या अजून," अक्का म्हणाल्या आणि ऐसपैस बसल्या. तेव्हापासून इतके हिवाळे गेले, त्या दगडावर दुसरं कुणी बसलं नाही.

यंदा अक्का इथे नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, त्यांना पुण्याला आपल्या फ्लॅटवर नेलं. सहावा मजला, लिफ्ट, गरम पाण्याचा नळ. होळीनंतर आणून सोडतो म्हणतो, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. अंगण मी झाडते. बाया येतात, पण पाखडून झालं की निघतात. हसण्याला तसा जोर राहिलेला नाही. ऊन मात्र तेवढंच आहे, पहिल्यासारखं सावकाश, दाखवत दाखवत उतरतं. सगळं माझं. आणि मला काही केल्या ते पुरत नाही. आता माझी सगळी जळफळ त्या सहाव्या मजल्याकडे गेली आहे. मी इथून हुलग्याचं पीठ धाडलं, तर तिथल्या सुनेने मोबाईलवर बघून शेंगोळी केली आणि अक्का मला फोनवर म्हणाल्या, "चांगली केली हुती गं पोरीनं." चांगली! इतक्या वर्षांत माझ्या एका लाडवाला चांगलं म्हटलं नाही या बाईने.

फोन रोज सकाळी येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "ऊन आलं का?" सुरुवातीला मी मुद्दाम रंगवून सांगायचे. आलंय, फणसावर बसलंय, आपलं मांजर पोट वर करून पडलंय. एक दिवस त्या म्हणाल्या, "हितं समोर बिल्डिंग हाय मोठी. ग्यालरीत ऊन येतच न्हाई. तू तिथं बसलीस हे ऐकून लई जळती बघ म्या." जन्मभर मला हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. वाटलं होतं, ऐकल्यावर गार वाटेल. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग पुतण्याचा फोन आला. "काकू, आई नीट जेवत नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टर म्हणतात गुडघा छान आहे." भिंतीकडे तोंड करून पडणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. माझी भिंत ओढ्याच्या अलीकडे होती. लाडवाचा डबा घेऊन ओलांडता आली. अक्कांच्या आणि उन्हाच्या मध्ये अख्खा घाट आहे.

म्हणून आज मी ठरवून ठेवलं होतं. फोन वाजला, तेव्हा माझ्या पोत्यावर छान ऊन आलं होतं, शेजारी दगडावर एक तांबडी कोंबडी डोळे मिटून बसली होती.

"आलं का गं ऊन?"

"न्हाई अक्का. आज आभाळ हाय. गारठा पडलाय नुसता."

मग त्या म्हणाल्या, "खोटं बोलतीस. गारठ्यात तुजा आवाज आसा नसतो."

आता बोलले असते तर तो आवाजही त्यांनी ओळखला असता.

"कुठवर आलंय, सांग नीट."

"तुळशीपाशी."

"फणस?"

"कवाच उतरलं."

"आन् भिताडाला?"

"लागलंय. दगडावर आलंय तुमच्या. कोंबडी बसलीय."

"हाकल तिला." मी हाकलली. फडफड त्यांना ऐकू गेली असावी. "आता तू बस तिथं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुठं?"

"दगडावर. पाठ टेक भिताडाला. आन् मला सांग कसं लागतंय ते. म्या हितं डोळं मिटून बसलेय."

मी काही हलले नाही. त्या दगडाची इतकी आस धरली होती, आणि आता तो समोर रिकामा होता, तर पाय उचलेना. बसले म्हणजे त्या आता परत येणार नाहीत, असं काहीतरी मनात आलं. म्हणून पोत्यावरूनच म्हटलं, "बसले."

"बसली न्हाईस," अक्का म्हणाल्या. "बस की गं बये. वैशाखात म्या येणारच हाय तुझ्या जांभळाखाली. तवर धरून ठेव माझी जागा, न्हाईतर कोंबड्या घाण करत्याल."

मग बसले. दगड चांगला तापला होता.